ग्रुपमुळं दोन महिने झाले कटिंग केली नाही, काय करावं सांगा

भरतीवाला_१८

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहायलोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. जिल्हा बीड, तालुका आणि गाव सांगत नाही कारण गाव एवढुसं आहे की लगेच कळंल कोण लिहायलाय. वय १८ नुकतंच पूर्ण झालं, बारावी झाली, पोलीस भरतीची तयारी करायलोय.

तर विषय असा की माझे केस कानावर आलेत. हसू नका. भरतीवाल्या पोराचे केस कानावर म्हणजे काय ते भरतीवाल्यांना कळंल, ग्राउंडवर सगळे म्हणतात हिरो व्हायचंय का पोलीस.

गावात सलून दोन. एक जुनं, स्टँडपशी लिंबाखाली, ते माझ्या मित्राच्या पप्पाचं. मित्र म्हणजे पहिलीपासून बारावीपर्यंत एका बाकावर बसलेलो आम्ही. माझं जावळ त्याच्या आज्यानं काढलेलं. लहान पोरगं आलं की खुर्चीच्या दोन दांड्यांवर आडवी फळी टाकायची आन् त्याच्यावर बसवायचं, ती फळी अजून हाय तिथं, चौथीत असताना तिच्या खालच्या बाजूनं कंपासच्या टोकानं आम्ही दोघांची नावं कोरली होती, वरून दिसत नाहीत, हात फिरवला की लागतात. दुसरं सलून मागच्या दिवाळीत निघालं, लायटिंग बियटिंग, मोठा आरसा, ते आमच्या समाजाच्या पोरानं काढलंय.

समाजांची नावं लिहीत नाही, ज्याला समजायचं त्याला समजलं. मागच्या दोन-अडीच वर्षात आमच्याकडं वातावरण कसं झालंय ते सगळ्यांना माहितीय. २०२४ च्या लोकसभेला तर लईच झालं. गाडीवर काय लिहिलंय ते बघून लोक हॉटेलात बसायलेत.

आमचा सकाळी पाचला पळायला जाणारा ग्रुप आहे, नऊ जण. आधी दहा होतो, दहावा म्हणजे हा मित्र. व्हॉट्सॲपवर नाव होतं मिशन खाकी. मग एक दिवस ग्रुपचं नाव बदललं, डीपी बदलला आन् त्याच रात्री मित्र रिमूव्ह. मी बघितलं, मोबाईल पालथा ठेवला आन् झोपलो. काहीच बोललो नाही. मग आठ दिवसांनी मेसेज आला की आपला पैसा आपल्यातच राहिला पाहिजे, ह्या ह्या दुकानात जायचं नाही, त्यात सलून पण होतं. खाली अंगठे पडायला लागले. सात अंगठे झाले, ज्यानं मेसेज टाकला तो आठवा, म्हणजे मी एकटाच राहिलो. मी फोन घेऊन शेतातल्या बोअरपशी बसलो होतो. तेवढ्यात एकानं मला टॅग करून टाकलं, अजून एक जण झोपलाय वाटतं. टाकला मी अंगठा.

तेव्हापासून कटिंग नाही. नवीन सलूनात गेलो तर मित्राला कळंल, समोरच हाय त्याच्या. जुन्यात गेलो तर ह्यांना कळंल. म्हणून कुठंच गेलो नाही. परवा स्टँडवर तो दिसला, माझ्या केसाकडं बघितलं आन् हसला. ते हसणं कसलं होतं तेच कळंना, रात्रभर तेच डोक्यात.

ग्रुप सोड म्हणणं सोपंय. पण गोळा ७.२६० किलोचा, तो आम्ही वर्गणी करून आणलाय, ग्राउंड आम्ही मुरूम टाकून केलंय, घड्याळ लावून टाइम घेणारा त्यातलाच आहे. १६०० मीटरला २० मार्क आहेत, पूर्ण घ्यायचे तर ५ मिनिटं १० सेकंदाच्या आत यावं लागतं, मी ग्रुपसोबत पळालो तर ५:४० ला येतो, एकटा पळालो तर सहाच्या वर जातो. पप्पा म्हणतात कुणाच्याच दारात जाऊ नको, ऑनलाइन मशीन मागव आन् घरीच काढ. मागवलं नाही अजून.

तुम्ही लोकांनी ह्या वयात काय केलं? खरं खरं सांगा.

डायरेक्ट_बोलतो

भाऊ एसटीत बस, बीडला जा, कटिंग कर, रस पी, परत ये. विषय संपला. एवढं मोठं कशाला लिहिलं 😂

जगात_जर्मनी

@डायरेक्ट_बोलतो अरे बाबा केस हा विषयच नाही त्याचा, वाचत जा की जरा. दर महिन्याला बीडला जाणार का तो, आन् तिकडून भादरून आला तरी दोन्हीकडची विचारणारच ना कुठं केली म्हणून.

@भरतीवाला_१८ मी परभणीचा, वय २९. आमच्यात समाजाचं नव्हतं पण गुटख्याचं होतं. आमच्या कट्ट्यावर जो पुडी फोडत नाही तो बायल्या. २०१२ ला राज्यात गुटखाबंदी झाली तेव्हा मी सोळा वर्षाचा, बंदी झाल्यावर उलट जास्तच मजा यायला लागली कारण चोरून आणायची. मला पहिल्या पुडीला चक्कर आली, ओकलो, आन् तरी पुढची पाच वर्ष खाल्ली, का तर नाही म्हणायची लाज. आज माझं तोंड तीन बोटं पूर्ण उघडत नाही. डॉक्टर म्हणले आता एवढंच. ज्यांनी पहिली पुडी दिली त्यातला एक दुबईला हाय, एकाला फोन केला तर ओळखत पण नाही. तुझं माझं सेम नाही पण तू विचारलं म्हणून खरं सांगितलं.

खडू_फळा

मी छत्रपती संभाजीनगरला कॉलेजवर मानसशास्त्र शिकवते. तुझी ती अंगठ्याची गोष्ट वाचली आणि हसावं की काय करावं कळेना, कारण आम्ही जे दरवर्षी फळ्यावर रेघा काढून शिकवतो ते तू बोअरपशी बसून अनुभवलंस.

सॉलोमन ॲश नावाचा माणूस होता, त्यानं १९५१ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग छापला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्या कार्डावर लहानमोठ्या तीन रेघा, सांगायचं एवढंच की पहिलीएवढी कोणती. शेंबडं पोर पण सांगेल. खोलीत सात-आठ पोरं, पण खरा परीक्षार्थी एकच, बाकीचे आधीच पढवलेले, ते ठरवून चुकीचं उत्तर देणार आणि ह्याचा नंबर शेवटाकडं. १८ वेळा विचारायचं, त्यातल्या १२ वेळा सगळे मिळून खोटं. तर ज्यांचे डोळे शाबूत, ज्यांना स्पष्ट दिसतंय, अशा चारातल्या तिघांनी एकदा तरी गर्दीचं चुकीचं उत्तर दिलं. आणि एकूण बघितलं तर त्या १२ पैकी साधारण तिसरा हिस्सा उत्तरं गर्दीसोबत गेली.

वर्गात इथपर्यंत सांगितलं की पोरं म्हणतात बघा मॅडम माणूस मेंढरूच. मी म्हणते थांबा. त्यानं नंतर एक बदल केला, गर्दीत फक्त एक जण असा बसवला जो खरं उत्तर देतो. बाकी सगळे तसेच. तर चुकायचं प्रमाण आधीच्या चौथ्या हिश्श्यावर आलं. एका माणसानं. आणि अजून एक, उत्तर मोठ्यानं सांगायच्या ऐवजी कागदावर गुपचूप लिहायला दिलं तर पुष्कळ जण बरोबर लिहीत होते. म्हणजे दिसत होतं सगळ्यांना, फक्त बोलायची चोरी.

आता तुझा व्हॉट्सॲपचा अंगठा बघ. तो नावानिशी दिसतो, कोणी टाकला नाही तेही मोजता येतं. कागदावर गुपचूप लिहायची सोयच नाही. त्या आठ जणांत मनातून किती जण तुझ्यासारखे असतील हे तुला माहीत नाही, आणि त्यांना तुझं माहीत नाही, कारण तुझा पण अंगठा त्यांना दिसतोय ना. तू त्यांच्यासाठी त्या गर्दीतला एक आहेस, हे लक्षात आलंय का तुझ्या?

वयाचं पण आहेच थोडं. २००५ मध्ये अमेरिकेतच एक अभ्यास झाला होता, गाडी चालवायच्या कॉम्प्युटर गेमवर. दोस्त बाजूला उभे राहून बघायला लागले की १३ ते १६ वयाची पोरं एकट्यानं खेळताना घेतात त्याच्या दुप्पट धोका घेत होती, चोविशीच्या पुढच्यांना बघणाऱ्यांचा फारसा फरक पडत नव्हता. तू मधे आहेस. म्हणून स्वतःला फार भेकड समजू नको, पण एवढ्यावर सुटलास असं पण समजू नको.

आपला_माणूस

मॅडमचं अमेरिकेतलं ठीक आहे पण हे बीड आहे. तिकडं रेघा मोजून झाल्या की सगळे आपापल्या घरी, ह्याला त्याच गावात राहायचंय, जमीन त्याच गावात, लग्न त्याच समाजात.

भाऊ तू लहान आहेस म्हणून सांगतो. मी पण दोन वर्षापूर्वीपर्यंत सगळे सारखे म्हणणारा होतो. पण वेळ आली की कळतं कोण आपलं. तुझ्या घरावर काही आलं तर रात्री दोन वाजता कोण येणार, पुस्तकातला माणूस का ग्रुप? समोरचे पण तेच करायलेत हे कुणी लिहिना इथं. त्यांच्या ग्रुपात आपल्या दुकानांची यादी फिरत नाही का? फिरते. मग आपणच का म्हणून मोठं मन करायचं. मित्र मित्राच्या जागी, समाज समाजाच्या जागी. एक कटिंगनं कुणी मरत नाही.

भरतीवाला_१८

@आपला_माणूस दादा तुमचं एकदम खोटं नाही, म्हणूनच तर अडकलोय. पप्पाचा ॲक्सिडेंट झाला होता मागच्या वर्षी, ट्रॅक्टरची ट्रॉली पलटी झाली होती, रात्री अकराला. ग्रुपातल्यांनीच गाडी काढली, अंबाजोगाईला नेलं, दोघांनी रक्त दिलं, सकाळपर्यंत बसून होते पायरीवर. ते विसरलो तर मी नालायक.

पण त्या गाडीत पप्पाचं डोकं मांडीवर धरून बसलेला तो हा मित्रच होता. तेव्हा तो ग्रुपात होता ना. त्याची पांढरी पॅन्ट होती, ती परत कधी घातली नाही त्यानं. म्हणजे रात्री दोन वाजता कोण येतं ते मी बघितलंय, आन् त्यात हा पण होता. हेच मला ग्रुपवर लिहायचं होतं त्या दिवशी. टाइप पण केलं होतं. मग पुसलं.

@जगात_जर्मनी दादा वाचून वाईट वाटलं.

गोदाकाठचा_म्हातारा

लेकरा, तू विचारलंस ह्या वयात आम्ही काय केलं. मी नांदेडचा, आता पासष्टीच्या आसपास आहे. हे मी घरात सांगितलेलं नाही, नातवानं मोबाईल दिलाय तर इथं लिहितो.

१९७८ साली मी अकरावीला होतो, शिकायला वसतिगृहात. खोलीत आम्ही तिघं. त्यातला एक दलित समाजातला, गणितात असा की मास्तर अडले तर त्याच्याकडं बघायचे, मला त्रिकोणमिती त्यानंच शिकवली, कंदिलावर, कारण लाइट जायची. २७ जुलैला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि इकडं आग लागली, ती शब्दशः लागली, वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली, आमच्या जिल्ह्यात तर फार झालं. ज्यांना विद्यापीठ कुठल्या दिशेला आहे हे माहीत नव्हतं ती माणसं काठ्या घेऊन निघाली होती. माझा खोलीसोबती तेव्हा गावाकडं गेलेला होता.

वरच्या वर्गातली चार-पाच पोरं खोलीत आली. म्हणाली ह्याची पेटी आत कशाला, बाहेर काढ. मला मारलं नाही, धमकी पण दिली नाही, नुसते दारात उभे राहिले. हिरवी पत्र्याची पेटी होती, वर पांढऱ्या रंगात त्याचं नाव. मी ती दोन्ही हातांनी उचलली आणि व्हरांड्यात ठेवली. पावसाचे दिवस. ते गेल्यावर मी एवढंच केलं की पेटी भिंतीला सरकवून ठेवली, पाणी लागू नये म्हणून. आणि तेवढ्यावर मला वाटलं की मी त्यांच्यातला नाही, मी बरा माणूस आहे. किती दिवस मला हे वाटत होतं काय सांगू तुला.

दीड-दोन महिन्यांनी तो आला. पेटीच्या कडेला गंज चढला होता. त्यानं तिथंच व्हरांड्यात बसून ती उघडली, वह्या काढून बघितल्या, कोरड्या होत्या, परत ठेवल्या, कुलूप लावलं आणि निघाला. माझ्याकडं बघितलं नाही असं नाही, बघितलं, पण बसस्टँडवर अनोळखी माणसाकडं बघतात तसं. मी सरकवून ठेवली होती म्हणून वह्या कोरड्या राहिल्या हे त्याला सांगावं असं माझ्या तोंडाशी आलं होतं. बरं झालं सांगितलं नाही, तेवढी तरी अक्कल होती.

नामविस्तार व्हायला १९९४ साल उजाडलं, १४ जानेवारी, संक्रांतीचा दिवस. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो, दोन लेकरांचा बाप. घरात तिळगूळ होता. मला वाटलं ह्याला नेऊन द्यावा. पण पत्ता कुणाला विचारणार, आडनाव सोडलं तर मला त्याच्या गावाचं नाव धड आठवत नव्हतं, एवढी माझी मैत्री.

आणि ती दारात उभी राहिलेली पोरं, त्यातले दोघं मला आजही लग्नाकार्यात भेटतात. एकाला मी विचारलं एकदा त्या पेटीचं. म्हणाला कसली पेटी?

डायरेक्ट_बोलतो

काका... 🙏 वर फालतू जोक मारला त्याबद्दल सॉरी

बचतगटवाली

आजोबा तुमचं वाचून चहा गार झाला.

बाळा मी हिंगोली जिल्ह्यातली, आमच्या गावात पण तुझ्यासारखंच झालं होतं, ह्याच्याकडचं दूध घ्यायचं नाही, त्याच्या गिरणीत दळायचं नाही. गडीमाणसांनी पारावर ठरवलं, बायकांना कुणी विचारलंच नाही. आता गंमत बघ, आमचा बचत गट आहे सरकारच्या उमेद अभियानाचा, दहा जणी, त्यात पाच ह्यांच्यातल्या, तीन त्यांच्यातल्या आन् दोघी तिसऱ्याच. बँकेचं कर्ज गटाच्या नावावर, दहा जणींच्या जीवावर, एकीनं हप्ता बुडवला की सगळ्यांचं नाव खराब. आन् उमेदचा नियमच हाय, बैठक नियमित, बचत नियमित, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब लिहिणं, ही पंचसूत्री, म्याडम येऊन वही तपासती. मग बसायचंच लागतं ना सतरंजीवर एकमेकीला गुडघा लावून.

पहिल्या बैठकीत कुणी कुणाशी बोललं नाही. पैसे मोजले, सह्या केल्या, उठलो. दुसऱ्या बैठकीला एकीचं पोरगं तापानं फणफणलेलं, तिला उठून जायचं होतं तर दुसरी म्हणली जा गं मी भरते तुझे शंभर. ती त्यांच्यातली, ही ह्यांच्यातली. संपलं की तिथंच. पारावरचं अजून चालूच हाय बरं का, गडी अजून तोंड फिरवून जातेत, पण गिरणी चालू झाली. कारण दळण कोण नेतं? बायाच नेतेत.

मला म्हणायचं काय की तू घरी जाऊन आधी आईला विचार, त्या पोराच्या आईशी बोलती का. मला वाटतं तुला काहीतरी नवीनच कळंल. पोरांना वाटतं गाव म्हणजे त्यांचा मोबाईल.

आन् मुलींचं कुणी विचारत नाही इथं. आमच्या वेळी आमचे ग्रुप नव्हते पण दहावीत एका मैत्रिणीचं नाव कुणासोबत तरी जोडलं लोकांनी, झालं, आमच्या आयांनी सांगितलं तिच्यासोबत डबा खायचा नाही. मी खाल्ला नाही. सुट्टीत ती नळापाशी एकटी उभी राहून खायची. परीक्षेच्या आधीच तिचं लग्न लावलं. लईदा वाटतं एक दिवस तरी जाऊन उभं राहायला पाहिजे होतं नळापाशी. जास्त नाही.

काळा_कोट

मी अंबाजोगाईला वकिली करतो. भावनेचं सगळ्यांनी लिहिलंय, मी कोरडं लिहितो.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा आहे, २०१६ चा, ३ जुलै २०१७ पासून लागू. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण लोकांचा एक गैरसमज असतो. हा कायदा मुळात जातपंचायतीसाठी आला, म्हणजे एखाद्या समाजानं आपल्याच माणसाला वाळीत टाकलं तर. त्यामुळं तुझ्या मित्राच्या दुकानावर दुसऱ्या समाजानं बहिष्कार टाकला तर ह्या कायद्यात ते सरळ बसत नाही. उलट तू तिथं कटिंग केली म्हणून तुझ्याच समाजातल्यांनी तुला वाळीत टाकलं, तर तू ह्यात बसतोस. विचित्र वाटेल पण तसं आहे.

दुसरं जास्त महत्त्वाचं. तुमच्या ग्रुपात फिरतात तसले मेसेज, त्यात दोन समाजांत द्वेष पसरेल असं काही असलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे, १ जुलै २०२४ पासून, आधीच्या भारतीय दंड संहितेतलं १५३ अ. त्यात पण ३ वर्षांपर्यंत कैद आहे. तुम्ही नऊच्या नऊ जण पोलीस भरतीवाले. निवड झाली की चारित्र्य पडताळणीचा फॉर्म येतो, त्यात तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का हे लिहून द्यावं लागतं, लपवलं तर वेगळी भानगड. ग्राउंडला ५० पैकी ४८ घेतलेला पोरगा एका फॉरवर्डपायी ऑफिसात येऊन रडलेला मी बघितलाय. अंगठा टाकणं आणि स्वतः असलं लिहिणं यात फरक आहे, तुझ्या अंगठ्यानं तू लगेच काही आरोपी होत नाहीस, घाबरू नको. पण हे ग्रुपातल्या बाकीच्यांना सांगता येण्यासारखं आहे. मैत्रीबित्रीचं कुणी ऐकणार नाही तिथं, भरतीचं ऐकतील.

आपला_माणूस

वकीलसाहेबांचा मुद्दा बरोबर आहे, केस लागली तर नेते कुणी येत नाहीत सोडवायला हे मी पण बघितलंय. बाकी माझं मत बदललं नाही.

आजोबा तुम्हाला नमस्कार.

भरतीवाला_१८

दहा दिवसांनी लिहायलोय. माफ करा उशीर झाला, धाडस होईना.

आधी आईला विचारलं, बचतगटवाल्या काकूंनी सांगितलं तसं. म्हणलं तू त्याच्या आईशी बोलती का. आई भाकरी थापत होती, म्हणली परवाच तर तिच्याकडून विरजण आणलं, तुझ्या ताटात ते दही तिचंच हाय. मी म्हणलं पप्पाला माहितीय का. म्हणली ते दही खातेत, विचारत नाहीत.

वकीलसाहेबांचं मी ग्रुपवर टाकलं, चारित्र्य पडताळणीचं, नुसतं तेवढंच, सलूनचं नाव नाही काढलं. कुणीच काही बोललं नाही. पण सकाळी बघितलं तर दुकानांच्या यादीचा मेसेज डिलीट झालेला, ज्यानं टाकला त्यानंच का ॲडमिननं ते माहीत नाही.

मग काल गेलो. दुपारी तीनला गेलो, ऊन असतं, स्टँडवर कुणी नसतं म्हणून, म्हणजे तिथं पण भ्यालोच. त्याचे पप्पा नव्हते, तोच होता, तो पण आता हात बसवायलाय. मला वाटलं काहीतरी बोलंल, शिव्या देईल. त्यानं फडकं झटकलं, माझ्या गळ्याला बांधलं आन् म्हणला मान वाकव. तेवढंच. अर्धा तास झाला असंल, कैचीचा आवाज आन् मोबाईलवर कुठलातरी यूट्यूबचा भरतीचा व्हिडिओ चालू होता त्याचा, जीकेचा. म्हणजे तो पण करायलाय तयारी, एकटाच. मी आरशात त्याच्याकडं बघायलो, तो माझ्या डोक्याकडं. फळी कोपऱ्यात उभी होती. उठताना मी खालून हात फिरवला तिच्यावर, त्यानं बघितलं, काही बोलला नाही.

किती झाले म्हणलं. साठ म्हणला. मी शंभर दिले, त्यानं गल्ला उघडून चाळीस परत दिले, मोजून. आजपर्यंत त्यानं माझ्याकडून कधी पैसे घेतले नव्हते, त्याचे पप्पा घ्यायचे पण हा असला की नाही. ते चाळीस रुपये अजून शर्टाच्या खिशातच हायेत.

आज सकाळी ग्राउंडवर गेलो. सगळ्यांनी बघितलं, एक कान थोडा उघडा पडलाय, त्याचा हात अजून बसला नाही ना, म्हणून कुणी केली ते लगेच कळतंय. कुणी म्हणलं काही नाही. टाइम घेणाऱ्यानं माझा टाइम घेतला नाही, मोबाईलमधी बघत उभा राहिला. एक जण मात्र घरी आल्यावर पर्सनलला मेसेज करून विचारायलाय, गर्दी असती का रे दुपारी तिथं. त्याचे पण केस वाढलेत, मी कधी बघितलंच नव्हतं.

खडू_फळा

मग काय सांगितलंस त्याला?

भरतीवाला_१८

तीनला ये म्हणलं, मी पण येतो. मला काम काही नाही तिथं आता, केस तर झालेत.

जगात_जर्मनी

दाढी कर की

भरतीवाला_१८

येत नाही अजून नीट 😅

डायरेक्ट_बोलतो

ते सगळं राहू दे, आज टाइम कोण घेतला मग? किती आला?

भरतीवाला_१८

मीच घेतला, मोबाईल हातात धरून पळालो. ५:५२.